आईचा बांधा आणि बाळाचे वजन

बाळ जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो मुलगा की मुलगी, दुसरा वजन किती, आणि तिसरा, कोणावर गेले. तिसऱ्याची उत्तरे घराघरांत ठरलेली असतात. नाक आजोबांचे, रंग आत्याचा, उंची बापाची होणार. बाळ अंगाने बारीक निघाले की मात्र सगळ्या नजरा बाळंतिणीकडे वळतात आणि "नऊ महिने नीट खाल्लं नाही" असा निकाल पलंगाशेजारीच लागतो.

वाचकहो, या निकालातला अर्धा भाग शास्त्राला मान्य आहे. जन्माच्या वेळचे बाळाचे आकारमान बापापेक्षा आईच्या शरीरावर जास्त अवलंबून असते. उरलेला अर्धा भाग, म्हणजे सगळा हिशेब त्या नऊ महिन्यांत मांडायचा, हा मात्र टिकत नाही. ते का टिकत नाही, हे सांगण्यासाठी मंडळाच्या व्याख्यानमालेतले हे पान मी घेतले आहे. त्यासाठी आपल्याला केंब्रिजच्या तबेल्यात, पुण्याजवळच्या खेड्यांत, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि आपल्या कामरेजच्या उसाच्या फडात जावे लागेल.

तबेल्यापासून सुरुवात करतो. इंग्लंडमध्ये शायर नावाची घोड्यांची जात आहे, ओझी ओढणारी, वजन टनाच्या घरात. आणि स्कॉटलंडच्या बेटांवरचे शेटलंड तट्टू आपल्या कमरेला लागेल एवढेच. केंब्रिजच्या आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड या दोघांनी कृत्रिम रेतनाने यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. एकदा बाप शायर आणि आई शेटलंड, एकदा बाप शेटलंड आणि आई शायर. १९३८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. दोन्ही शिंगरांत निम्मे बीज शायरचे आणि निम्मे शेटलंडचे. तरीही शायर घोडीचे शिंगरू जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे भरले. छोट्या घोडीच्या पोटी शिंगरू तट्टाच्याच मापाचे झाले, नाहीतर ते बाहेर आलेच नसते. पुढे वाढीच्या वयात हा फरक कमी होत गेला, पण पुरता बुजला नाही.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यातले काही ठाऊक होते. गाढव बाप आणि घोडी आई असेल तर होणारे खेचर चांगले धिप्पाड असते. घोडा बाप आणि गाढवीण आई असेल तर होणारे पोर सहसा लहानखुरे. म्हणून खेचरे पाळणारे घोडीच निवडत.

माणसावर असले प्रयोग करता येत नाहीत. पण गेल्या काही दशकांत दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन गर्भधारणा करण्याची सोय झाली, तेव्हा निसर्गाने नकळत हाच प्रयोग पुढे ठेवला. बीज एकीचे, कूस दुसरीची. इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये अशा बाळांची वजने तपासली. बीज देणाऱ्या स्त्रीच्या वजनाशी बाळाच्या वजनाचा मेळ लागला नाही, जिने पोटात वाढवले तिच्या वजनाशी लागला.

हे घडते कसे? गर्भाला स्वतःचे तोंड नाही आणि श्वासही नाही. त्याला जे मिळते ते वारेतून, नाळेवाटे. वार किती पसरली आहे, तिच्यापर्यंत आईचे रक्त किती पोचते, त्या रक्तात काय आहे, यावर त्याचा शिधा ठरतो. गरोदरपणात आईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट व्हायला लागते. मुळात जिचा बांधा लहान, वजन कमी, रक्त पातळ, तिच्या शरीराला ही वाढ पेलताना ओढाताण होते. पहिलटकरणीचे बाळ पुढच्या बाळांपेक्षा थोडे लहान असते तेही यामुळेच. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पहिल्या खेपेला नव्याने रुंदावतात, दुसऱ्या खेपेला वाट तयार असते.

आईच्या अन्नरसाचे तीन वाटे चरकसंहितेत सांगितले आहेत. एक तिच्या स्वतःच्या शरीरासाठी, एक दुधासाठी, एक गर्भाच्या वाढीसाठी. आमच्या जैन आगमांत, भगवतीसूत्रात, गर्भ हा आईच्या रसवाहिनीतून आहार घेतो असे आले आहे, आणि मांस, रक्त व मेंदू ही आईची अंगे तर हाड, मज्जा व केस-नखे ही बापाची, अशी वाटणीही आहे. आजचे जीवशास्त्र ही वाटणी अशी मानत नाही, गुणसूत्रे दोघांची निम्मीनिम्मी. पण गर्भ आईच्या रसावर पोसतो हे इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्यांचे निरीक्षण बारीक होते, एवढे म्हणायला हरकत नाही. (आपला 'डोहाळे' हा शब्दही 'दौहृद' म्हणजे दोन हृदये असलेली, यातून आला. एका देहात दोन इच्छा.)

आता पुण्याकडे. या विषयावर जगभर ज्याचा दाखला देतात असे एक काम मराठी मुलखात झाले आहे, आणि मराठी घरांना त्याची फारशी माहिती नाही, याची मला खंत वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव अशा सहकाऱ्यांसोबत, १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. कोरडवाहू, दुष्काळाशी ओळख असलेली ही गावे. त्यांनी लग्न झालेल्या बायकांची मापे गर्भ राहण्यापूर्वीच घेऊन ठेवली आणि मग गर्भ राहिला तशा सुमारे आठशे जणी बाळंतपणापर्यंत पाहिल्या. काय खाल्ले, किती काम केले, रक्तात काय होते, सगळे नोंदले. पुढे ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा ठेवला. आपल्या देशात एवढा लांब पल्ल्याचा नेट विरळाच.

त्या आयांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत-बाहेर. गरोदर होण्यापूर्वीचे वजन जेमतेम ४२ किलो. दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो. साउथॅम्प्टनची गोरी बाळे ३.५ किलोची. आठशे ग्रॅमचा फरक. इथवर कोणाला नवल वाटणार नाही, लहान आई, लहान बाळ.

नवल पुढे आहे. संशोधकांनी वजनावर न थांबता बाळाची उंची, डोके, दंड, पोटाचा घेर आणि पाठीवरच्या कातडीची घडी मोजली. कातडीच्या घडीवरून आतल्या चरबीचा अंदाज येतो. पुण्याची बाळे सगळ्या मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोटाचा घेर सर्वांत कमी, म्हणजे यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड यांच्या वाट्याला तूट आली. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. डोके आणि लांबी त्यामानाने बरी. आणि पाठीवरची चरबी? ती जवळजवळ राखलेली. अडीच-पावणेतीन किलोचे बाळ दिसायला काडी, आणि आत चरबी बाळगून! २००३ साली हे छापून आले आणि अशा बाळाला 'बारीक पण चरबीवान भारतीय बाळ' असे नाव पडले. टंचाईत गर्भाने मेंदू वाचवला, थोडी चरबी गाठीला ठेवली, आणि काटकसर केली ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. ज्या अवयवांनी पुढे साठ-सत्तर वर्षे साखर सांभाळायची, नेमक्या त्यांतच.

याज्ञिकांनी पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधले आपले मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, नेमके सारखे, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या सुरतेतल्या "मी कुठे जाडा आहे, डॉक्टर?" म्हणणाऱ्या मधुमेही गृहस्थांना मी या फोटोची गोष्ट नेहमी सांगतो. त्यांचा जाडेपणा पँटच्या मापात दिसत नाही. आणि त्याची सुरुवात कदाचित त्यांच्या आईच्या बांध्यात आहे.

पुण्याची ती बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्यापेक्षा वर होती. ही खेड्यातली मुले, बहुतेक सडपातळ.

गर्भातल्या कमतरतेचा दाम म्हातारपणी मोजावा लागतो, हा विचार पुण्याआधीचा आहे. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिकांनी बाळांची जन्माची आणि एक वर्षाची वजने वहीत लिहून ठेवली होती. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्यांतल्या पुरुषांचा शोध घेतला, तेव्हा लहानपणी कमी वजनाचे होते त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू जास्त निघाले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे दुष्काळ पडला होता, त्यात तर याहून विचित्र दिसले. ज्या आया शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिल्या त्यांची बाळे हलकी जन्मली. ज्या पहिल्या महिन्यांत उपाशी राहिल्या आणि नंतर पोटभर जेवल्या, त्यांच्या बाळांचे वजन व्यवस्थित भरले, पण पुढे लठ्ठपणा आणि हृदयविकार त्यांच्यातच अधिक आढळला. तेव्हा काट्यावरचा आकडा चांगला आला म्हणून सगळे चांगले, असेही नाही.

मग पुण्याच्या त्या आयांनी काय खाल्ले की बाळ जरा भरले? आपण सगळे म्हणू तूप, लाडू, जास्त भाकरी. अभ्यासात एकूण उष्मांक आणि एकूण प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी थेट संबंध दिसला नाही. दिसला तो दुधाचा, फळांचा आणि हिरव्या पालेभाज्यांचा. ज्या जास्त वेळा पालेभाजी खात, त्यांची बाळे मोठी. मेथी, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला, करडई, राजगिरा. खेड्यात बांधावर मिळणाऱ्या आणि पाहुणे आले की ताटातून हद्दपार होणाऱ्या या वस्तू.

दुसरी गोष्ट कामाची. शेतीचे काम, पाणी भरणे, धुणे, सगळ्याला गुण देऊन प्रत्येकीच्या श्रमाचा आकडा काढला होता. गरोदरपणाच्या पहिल्या आणि मधल्या महिन्यांत जिचे श्रम जास्त, तिचे बाळ हलके, डोक्याचा घेर आणि दंड लहान.

हे वाचताना कामरेजच्या माणसाला ऊस आठवला नाही तर आश्चर्य. आपण बहुतेक जण इथे गायकवाडी काळापासूनचे, कामरेज तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते, किंवा नंतर गिरण्यांच्या ओढीने सुरतेत येऊन इकडे सरकलेले. आपण पक्क्या घरात आलो. पण दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडून, डांगाकडून टोळ्या येतात आणि साखर कारखान्यांच्या हंगामासाठी शेताच्या कडेला पालांत राहतात, त्यांची बोली आपल्याला कळते. अहिराणी आहे, भिली आहे, आपल्याच मुलखातली. या भागातल्या खानदेशी ऊसतोड्यांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच लिहिले. आपण रोज त्यांच्या बाजूने गाडी नेतो. कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे तोडणीची जोडीही. नवरा तोडतो, बायको पाला काढून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. पहाटेपासून. त्यांच्यातली कोणी ना कोणी नेहमीच पोटुशी असते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे "आता बस, आराम कर" हे तिला कोणी म्हणू शकत नाही. पुण्याच्या अभ्यासातल्या श्रमाच्या आकड्यांत जी सर्वांत वर असेल, तिच्याही वर या बाईचे काम जाईल. तिच्या नोंदीचे ममता कार्ड तिच्या गावी, ती इथे. आपल्या मंडळाच्या भगिनी संक्रांतीला हळदीकुंकू करतात. त्या महिन्यात ऊसतोड ऐन भरात असते. पालांवर एकदा रक्ताच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्राच्या ताईंना सोबत घेऊन गेलो तर तिळगुळापेक्षा लोहाची गोळी जास्त कामाची ठरेल, असे मी कार्यकारिणीला सुचवून ठेवले आहे.

तपासणीचे म्हणतो, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. ६५ टक्क्यांत फक्त पालांवरच्या नसतात, फ्लॅटमधल्याही असतात.

इथे माझ्या धंद्याबद्दल एक शब्द. मी होमिओपॅथीचा माणूस, बीएचएमएसच्या अभ्यासात प्रसूतिशास्त्र शिकलो आणि त्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर माझे घर चालले. पण रक्तात लोह कमी आहे ही उणीव आहे, आणि उणीव त्या वस्तूनेच भरते. माझ्या गोळ्यांत ते नाही. गरोदर बाई माझ्याकडे आली तर मी तिला सरकारी लोहाच्या गोळ्या बंद करू देत नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नाव नोंदवल्याशिवाय परत येऊ देत नाही. मळमळीला औषध मागितले तर देतो, बाळ वाढवायला मागितले तर देत नाही.

आता आम्हा शाकाहारी घरांचा अवघड प्रश्न. पुण्याच्या त्या आयांपैकी दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, फोलिक मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसे. मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले तर ज्यांच्या आयांचे बी-१२ कमी आणि फोलिक जास्त होते, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे सर्वांत जास्त होती. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसते. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून मिळते, तेही थोडे. आता आमच्या जैन घरांची रीत बघा. कंदमुळे नाहीत. चातुर्मासात पालेभाज्या बंद. पाचम, आठम, चौदसला हिरवी भाजीच नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण, आणि सकाळी नवकारशीपर्यंत पाणीही नाही. एरवी हे सगळे शरीराला शिस्त लावणारे आहे आणि मी स्वतः पाळतो. पण गरोदर बाईचे शरीर रात्रीच्या लांब उपासात इतरांपेक्षा फार लवकर उपासमारीच्या चालीवर जाते, साखर खाली येते आणि चरबी जळायला लागते. आणि पालेभाजी सोडण्याचे चार महिने तिच्या नऊ महिन्यांतले चार असतात.

यावर धर्म मोडायचा का, असे मला विचारतात. मोडायची गरज नाही. पच्चक्खाणातच आगार असतात, आजाराच्या आणि असमाधीच्या प्रसंगी सूट आधीपासून ठेवलेली असते. गर्भारपणात ती सूट घ्यायला संकोच कसला? ज्या घरी तेवढेही पटत नाही, तिथे दूध-दही, मूग-मसूर, दुधी-दोडका, मोसमातले फळ वाढवावे आणि बी-१२ ची गोळी घ्यावी. हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या किण्वनातून तयार करतात, प्राण्यापासून काढत नाहीत, त्यामुळे शंका नको. शंका घ्यायचीच तर कॅप्सूलच्या आवरणाची घ्यावी, ते बऱ्याचदा जिलेटिनचे असते. साधी किंवा जिभेखाली विरघळणारी गोळी मागावी. वैष्णव आणि ब्राह्मण मराठी घरांतही हरतालिकेचा निर्जळा उपास सहाव्या महिन्यात धरणाऱ्या सुना मी पाहतो, त्यामुळे हे फक्त आमचे नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल, ठीक, गर्भ राहिला की सुनेला पालेभाजी, फळ, दूध सुरू करू. मुंबईत हे करून पाहिले आहे. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजारांवर स्त्रियांना रोज एक खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळे, दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. प्रकल्पाचे नाव 'सरस'. वैशिष्ट्य हे की खाऊ गर्भ राहण्यापूर्वीच सुरू केला. सगळ्या मिळून बाळाच्या वजनातला फरक अवघा २६ ग्रॅम निघाला, त्याला शास्त्रात फरक म्हणत नाहीत. पण ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे ४८ ग्रॅमने भरली. आणि बायकांना त्यांच्या अंगलटीप्रमाणे तीन गटांत पाहिले तेव्हा बऱ्या बांध्याच्या बायकांच्या बाळांत ९६ ग्रॅमची वाढ होती, मधल्यांत ३४, आणि सर्वांत किडकिडीत आयांच्या बाळांत काहीच नाही. जिला सर्वांत गरज, तिच्या बाळापर्यंत तो खाऊ पोचलाच नाही. माझा तर्क असा की उपाशी शरीर आधी स्वतःची थकबाकी भरते. याच चाचणीत एक सुखद गोष्टही निघाली. पालेभाजीचा खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४.

म्हणून मी सुरुवातीला म्हटले की नऊ महिन्यांचा हिशेब टिकत नाही. सून जो बांधा घेऊन उंबरा ओलांडते, तो तिच्या माहेरी ठरलेला असतो. मुलीची उंची झपाट्याने वाढते ती पाळी येण्यापूर्वीच्या दोन-तीन वर्षांत. पाळी आल्यावर साधारण पाच-सात सेंटीमीटरच उरतात. ओटीपोटाची हाडे त्यानंतरही काही वर्षे रुंदावत राहतात. म्हणजे बाळाच्या जागेचे माप आई दहा-अकरा वर्षांची असताना घेतले जात असते, पाचवी-सहावीत, जेव्हा आपण भावाला दोन अंडी किंवा दोन वाट्या दूध आणि तिला "तू जाड होशील" म्हणतो. आणखी मागे जा. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तुमच्या आजीच्या पोटात घडले, तिने त्या वर्षी जे खाल्ले त्यावर. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी इतके मागे जाऊन हिशेब मांडला तर यादीत फार लोक येतील.

दुसरे टोकही आहे आणि सुरतेत ते वाढते आहे. चार किलोचे बाळ झाले की पेढे वाटतात. आईची साखर वाढलेली असेल तर ती वारेतून सरळ बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन भरपूर बनवते आणि त्यावर फुगते. डेन्मार्कच्या योर्गेन पेडर्सन यांनी हे विसाव्या शतकाच्या मध्यातच मांडले. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या पिमा लोकांत एकाच आईची दोन मुले तुलनेला घेतली, एक तिला मधुमेह होण्यापूर्वीचे, एक नंतरचे. नंतरचे मूल पुढे अधिक लठ्ठ आणि अधिक मधुमेही. रक्त तेच, घर तेच. त्यामुळे पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करावी. उपाशी जावे लागत नाही. दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर पुढची सोय डॉक्टर पाहतील. पावणेतीन किलोचे दणकट बाळ मला साखरेवर पोसलेल्या सव्वाचार किलोच्या बाळापेक्षा कधीही जास्त आवडेल.

आपल्या काही घरांत अजून उलटी भीती आहे, जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि अडेल. सातव्या महिन्यात ओटी भरतात, पंचपक्वान्ने वाढतात, आणि आठव्यापासून ताट आवरतात. बाळ अडते ते बहुतेक करून ओटीपोटाच्या मापामुळे, बाळाच्या ठेवणीमुळे आणि साखरेमुळे. ताट आवरल्याने हाड रुंदावत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत बाळाचे वजन सर्वांत झपाट्याने भरते, तेव्हा भाकरी काढून घेणे म्हणजे त्याच्या स्नायूंतून काढून घेणे.

राहिला नेहमीचा प्रश्न, सून आधीच बारीक असेल तर आता काय. उंची बदलत नाही. वजन आणि रक्त बदलते, त्याला अवधी लागतो. लग्न ठरताना हल्ली थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी आपल्या भागात करतात, त्याच चिठ्ठीत हिमोग्लोबिन आणि बी-१२ लिहून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, वजन ४५ च्या खाली असेल, तर पाळणा सहा-आठ महिने पुढे ढकलावा आणि तेवढ्या काळात रोज दूध, एक फळ, एक पालेभाजी, डाळ घट्ट, लोहाची गोळी जेवणानंतर लिंबू पिळून, चहा तासाभराने. फोलिक ॲसिड गर्भ राहण्यापूर्वीच सुरू होते, ते बी-१२ सोबत सुरू करावे. आणि याच घरात नणंदेची सहावीतली मुलगी असेल, तर त्या पालेभाजीची एक वाटी तिच्यासाठीही काढून ठेवावी. तिच्या वयाला वेळ अजून हातात आहे.